पर्थ मुंबईपासून लंडनइतकंच लांब आहे

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

रविवारी ऑस्ट्रेलियाचं नाव काढलं आणि आई तू एकदम गप्प झालीस, मग "ठेवते, दूध उतू जातंय" म्हणालीस, तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. फोनवर हा विषय धड होत नाही, मध्येच माझी लेक चिऊ येते, मध्येच आवाज तुटतो, म्हणून हॉस्पिटलची नाइट ड्युटी झाल्यावर झोपायच्या आधी बसून लिहितेय. दादाला सांग प्रिंट काढून बाबांना द्यायला, मोबाईलवर एवढं वाचलं की त्यांचे डोळे दुखतात.

पहिली गोष्ट, इंग्लंडमधलं लेस्टर सोडून ऑस्ट्रेलियात पर्थला जायचं अजून काही ठरलेलं नाही. पण विचार पक्का चाललाय आणि तुमच्यापासून लपवून करायचा नाही.

आई, तू म्हणालीस "अजून लांब जाणार का गं." मला पण हेच वाटायचं, ऑस्ट्रेलिया म्हणजे पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला. मग चिऊचा पृथ्वीगोल घेऊन दोरा लावून बघितला. लंडन ते मुंबई साधारण 7,200 किलोमीटर आणि पर्थ ते मुंबई साधारण 7,300, म्हणजे अंतर जवळजवळ तेवढंच! सिडनी-मेलबर्न लांब आहे, पर्थ त्यांच्या अलीकडे, पश्चिम किनाऱ्यावर. फरक इतकाच की लंडनहून डायरेक्ट नऊ तासांत मुंबईला उतरता येतं, पर्थहून सिंगापूरला किंवा क्वालालंपूरला विमान बदलायचं, पर्थ-सिंगापूर पाच तास, तिथून मुंबई साडेपाच, मधलं थांबणं धरून चौदा-पंधरा तास. पण मला लेस्टरहून हीथ्रोला बसने जायलाच तीन तास लागतात आणि तीन तास आधी पोचायचं, ते धरलं तर किती फरक राहतो सांगा. पुढचं महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट दोन्हीकडून सारखंच.

आणि घड्याळ. पर्थ आपल्यापेक्षा फक्त अडीच तास पुढे आहे. इथे उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, मी ड्युटीवरून घरी येऊन जेवून फोन हातात घेते तोवर तुमचे रात्रीचे दोन वाजलेले असतात, म्हणून आपलं बोलणं फक्त सुट्टीच्या दिवशी. तिकडून मी सात वाजता घरी आले तर तुमचा साडेचारचा चहा चाललेला असेल. मला हे पगारापेक्षा मोठं वाटतं, खरं सांगते.

आता पगार, कारण बाबा तुम्ही तेच आधी विचारणार. लोक व्हिडिओ बघून म्हणतात की तिकडे नर्सला डबल मिळतं, तसं नाहीये. मी इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, बँड सिक्स या पगारश्रेणीत आहे, 2025-26 चा स्केल 38,682 पौंडांपासून 46,580 पर्यंत होता आणि मी वरच्या टोकाला आहे. टॅक्स, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शन कापून हातात महिन्याला साधारण 2,780 पौंड. माझ्याबरोबर ओएससीई, म्हणजे इथली नर्सची प्रॅक्टिकल परीक्षा, दिलेली केरळची मैत्रीण आता पर्थला सरकारी हॉस्पिटलात आहे, तिचा बेसिक 95 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. ऐकायला केवढा, पण एक पौंड म्हणजे जवळजवळ दोन डॉलर, त्यामुळे वर्षाचा आकडा माझ्याइतकाच झाला की. टॅक्स जाऊन तिच्या हातात सव्वासहा हजार डॉलरच्या आत येतात. तिकडे सरकारी हॉस्पिटलवाल्यांना सॅलरी पॅकेजिंग नावाची सवलत असते, वर्षाला 9,010 डॉलरपर्यंत घरभाडं किंवा घराचा हप्ता टॅक्स कापायच्या आधी भरता येतो, ते केलं की महिन्याला दोन-सव्वादोनशे वाचतात. माझे 2,780 पौंड म्हणजे साडेपाच हजार डॉलर, म्हणजे फरक आहे पण आठशे-नऊशे डॉलरचा. वीकेंडचे जास्त पैसे तिकडेच मिळतात असंही नाही, इथे पण मला शनिवारी आणि नाइटला 30 टक्के, रविवारी 60 टक्के वरचे मिळतात.

आणि हा फरक भाड्यातच जिरतो. तिकडे भाडं आठवड्याला सांगतात, मैत्रीण तीन खोल्यांच्या घराला आठवड्याला 680 देते, म्हणजे महिन्याला तीन हजाराच्या आसपास, मी इथे 1,150 पौंड देते. शिवाय दोघांना दोन गाड्या लागणारच, पर्थ उत्तर-दक्षिण नुसतं पसरलंय, ट्रेन आहे पण हॉस्पिटलची पहाटेची शिफ्ट ट्रेनच्या भरवशावर होत नाही असं ती म्हणते.

पेन्शनचं मला जास्त वाटतं. एनएचएसची पेन्शन चांगली आहे, दरवर्षीच्या पगाराचा 54 वा हिस्सा जमा होत जातो आणि म्हातारपणी ठरलेली रक्कम मरेपर्यंत येते. ती सोडली तर जमा झालेलं तिथेच राहतं, वय झाल्यावर मिळतं, पण पुढची वाढ थांबली. तिकडे मालक पगाराच्या वर 12 टक्के सुपरअॅन्युएशनमध्ये, म्हणजे तिकडच्या निवृत्ती फंडात, टाकतो, ते बाजारावर वाढतं-कमी होतं, आपल्या पीएफसारखं ठरलेलं व्याज नाही. आणि इथल्या सरकारची जी वेगळी स्टेट पेन्शन असते तिला निदान 10 वर्षं भरलेली लागतात, मी 2017 ला आले म्हणजे ती होतच आलीत. पण ऑस्ट्रेलियात राहिलं तर त्या पेन्शनला दरवर्षीची वाढ देत नाहीत, सुरुवातीला जी मिळाली तीच कायम. भारतात राहिलं तरी तसंच, म्हणजे म्हातारपणी सांगलीला आले तरी हा तोटा आहेच.

मग जायचं कशाला असं तुम्ही म्हणाल. सांगते, पण त्याआधी यांच्या नोकरीचं, कारण घरात भांडण झालं ते त्याच्यावरूनच. हे मेंटेनन्स इंजिनिअर, आणि पर्थ म्हणजे खाणींचं शहर, वर पिलबारात लोखंडाच्या खाणी आहेत, तिथे विमानाने माणसं नेतात आणि आणतात, फायफो म्हणतात त्याला. दोन आठवडे खाणीवर एक आठवडा घरी, नाहीतर आठ दिवस तिकडे सहा दिवस घरी. बारा-बारा तासांची शिफ्ट, राहणं-खाणं कंपनीचं, आणि पैसे एवढे की यांचा इथला पगार त्यापुढे काहीच नाही. यांच्या डोळ्यात ते आकडे बसलेत. मी म्हटलं नाही.

बाबा, तुम्हीच सांगायचात ना, आजोबा लालबागला गिरणीत आणि आजी गावाला, खाणावळीत जेवायचे, गाळ्यात पाळीपाळीने झोपायचे, महिन्याला मनीऑर्डर यायची आणि तुम्ही सातवीत जाईपर्यंत आजोबा म्हणजे गणपतीला आणि शिमग्याला येणारे पाहुणे होते. मनीऑर्डरवर घर उभं राहिलं, तुमचं शिक्षण झालं, मी त्या पैशाला नावं ठेवत नाही. पण त्यांना पर्याय नव्हता आणि आम्हाला आहे. चिऊ नऊ वर्षांची आहे, तिला बाप रोज संध्याकाळी घरात पाहिजे. दोन दिवस अबोला झाला, शेवटी हे म्हणाले शहरातल्याच वर्कशॉपमध्ये बघतो, वेल्शपूल, क्विनाना भागात तसली कामं असतात, पगार खाणीपेक्षा पुष्कळ कमी पण इथल्यापेक्षा बरा. ते जमलं तरच जाऊ असं ठरलंय.

आता का जायचं ते. आई तू 2023 ला इथे होतीस, डिसेंबरात चारच्या आत अंधार पडायचा, तू खिडकीत बसून "अजून दिवस उगवला नाही आणि मावळला पण" म्हणायचीस. बाबांचा गुडघा थंडीने आखडला आणि चालणं बंद झालं, सहा महिन्यांचा व्हिसा होता आणि तुम्ही तीन महिन्यांतच परत गेलात. मी त्या दिवशी एअरपोर्टवरून येताना बसमध्ये रडत आले, हे कधी सांगितलं नव्हतं. इथे आईवडिलांना कायमचं आणायचा रस्ता जवळजवळ बंदच आहे, माणूस अगदी अंथरुणाला खिळलेला आणि गावाकडे बघणारं कुणीच नाही असं सिद्ध केलं तर कुठे. पर्थला थंडी सांगलीपेक्षा जास्त पण इथल्यापेक्षा पुष्कळ कमी, पाऊस जून ते ऑगस्ट, उन्हाळा कडक, चाळीसच्या वर जातो पण कोरडा. आणि तिकडे आईवडिलांसाठी एक टेम्पररी व्हिसा आहे, तीन किंवा पाच वर्षांचा, सगळे मिळून दहा वर्षांपर्यंत. फी भरपूर आहे, पाच वर्षांचा माणशी बारा हजार डॉलरच्या घरात, प्रायव्हेट हेल्थ इन्शुरन्स काढावा लागतो आणि आम्ही तिथे काही वर्षं राहून पर्मनंट झाल्यावरच स्पॉन्सर करता येतं. पण रस्ता आहे! इथे तो नाही. दादा-वहिनी आहेत, तुमचं सगळं तिथे आहे, मी कायमचं या म्हणतच नाही, पण एका वर्षी सहा महिने, पुढच्या वर्षी आठ, असं सुटसुटीत येता आलं पाहिजे.

अजून एक. इथे चिऊची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टात, म्हणजे आम्ही येतो ते नेमके भर पावसात. 2019 ला आलो तेव्हा पूर आला, आयर्विन पुलाच्या पाण्याची पातळी दर तासाला बघत बसलो आणि निम्मी सुट्टी मामाच्या घरी विट्याला काढली. तिकडे मोठी सुट्टी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत, म्हणजे हुरडा, संक्रांत, शेतातला ऊस तोडणीचा, सगळं चिऊला बघता येईल. नऊ वर्षांत तिने हुरडा खाल्लेला नाही.

घाई का तेही सांगते. मला नोव्हेंबरात 40 पूर्ण होतील. त्यांच्या व्हिसाच्या पॉइंटमध्ये 33 ते 39 वयाला 25 मिळतात आणि चाळिशीला एकदम 15. रजिस्ट्रेशन मात्र आता सोपं झालंय, एप्रिल 2025 पासून ज्या नर्सनी ब्रिटनमध्ये रजिस्टर होऊन 1,800 तास काम केलंय त्यांना नवीन परीक्षा लागत नाही, माझे तर कितीतरी पट झाले.

बाबा, एक प्रश्न तुम्हालाच विचारायचाय. आमची इथली कायम राहायची परवानगी 2022 ला मिळाली, पण सलग दोन वर्षं बाहेर राहिलं की ती संपते. ब्रिटिश पासपोर्ट घेऊन गेलो तर परतायची वाट उघडी राहते, पण मग भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो आणि ओसीआयवाल्याला, म्हणजे परदेशी पासपोर्ट घेतलेल्या भारतीय वंशाच्या कार्डधारकाला, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मिळू शकते असं वाचलंय, तरी सातबाऱ्यावर माझं नाव लावायचं तुमच्या मनात होतं म्हणून आम्ही आजवर थांबलो. मला स्वतःला पासपोर्ट न बदलता जावंसं वाटतंय. तुम्ही वकीलकाकांना एकदा विचाराल का, आणि तुमचं मन काय म्हणतं ते पण सांगा.

दादाला एक काम. माझ्या नर्सिंग कॉलेजमधून ट्रान्सक्रिप्ट काढायचंय, विषयांचे तास आणि प्रॅक्टिकलचे तास दोन्ही त्यात पाहिजेत, मागच्या वेळी तास लिहिलेच नव्हते आणि तीन महिने गेले. अर्ज मी मेल करते, त्याने फक्त फी भरून समोर बसून घ्यायचं. कॉलेज पाकीट सील करून देईल, त्या सीलवर शिक्का असतो, ते घरी कुणीही उघडायचं नाही, आई तू पण नाही.

तुमची,
ताई