दाजीबाचे पाय

पुणे,
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, रात्र

प्रिय सुमे,

चार वर्षांत पत्र नाही आणि आज एकदम हे जाडजूड पाकीट. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच बोलायला लागतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. आधी तब्येतीचं उरकते. माझं बीपी गोळीवर ठीक, गुडघा थंडीत कुरकुरतो, यांची शुगर आहे तिथेच आहे. झालं.

सुमे, बर्फी शिंकायला लागली आणि मला आपला ससा, दाजीबा आठवला.

बर्फी म्हणजे ऋताची सशीण. पोरगी बंगळूरला नोकरीला गेली तेव्हा "आई, दोनच महिने सांभाळ" म्हणाली होती. त्याला आता दीड वर्ष झालं. मला जीव लागलाय तिचा. सकाळी उठल्यावर मी पहिलं बोलते ते तिच्याशी, चहा नंतर.

शिंकांकडे सुरुवातीला मी लक्षच दिलं नाही. ससा शिंकतोच. गवतात तोंड खुपसलं की शिंकतो, वाटीतलं पाणी नाकात गेलं की शिंकतो. दोन-तीन शिंका, कान झटकले की परत चरायला सुरुवात. पण मागच्या गुरुवारी महालक्ष्मीच्या पूजेला धूप घातला, कापूर लावला, आणि तिनं एका दमात आठ शिंका दिल्या. धुरानंच असणार म्हणून मी धूप विझवला, पिंजरा वाऱ्यावर नेला. फिनेल बंद केलं, नुसत्या पाण्यानं फरशी पुसायला लागले. खालचा लाकडाचा भुसाही काढून टाकला आणि वर्तमानपत्रं अंथरली, कारण भुशाची धूळ आणि त्यात मुरलेला लघवीचा उग्र वास, दोन्ही त्यांच्या नाकाला झोंबतं. दोन दिवस बरं वाटलं.

सोमवारी तिला मांडीवर घेतलं आणि पाय हातात धरला. वरून पाय पांढरास्वच्छ. आतल्या बाजूला मात्र केसांच्या वाती झालेल्या, खळ घालून वाळवल्यासारख्या ताठ. दुसरा पायही तसाच. ससा नाक पुसतो ते पुढच्या पायांच्या आतल्या बाजूनं, त्यामुळे नाक स्वच्छ दिसतं आणि शेंबूड सगळा पायांवर जातो. हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पण त्या वाती मी बघता क्षणी ओळखल्या. तूही ओळखल्या असत्यास.

विश्रामबागच्या खोलीत, १९९४ च्या डिसेंबरात, आपण दोघी दाजीबाचे पाय बघून म्हणालो होतो की हा वरणात पाय घालून आलाय. आठवतं ना? तू त्याला भूगोलाचे सर म्हणायचीस, तसंच नाक हलवतो म्हणून. मी रागवायचे, आणि तरी वर्गात सर फळ्याकडे वळले की आपण दोघी तोंडात ओढणी कोंबून बसायचो.

आता डॉक्टरांचं सांगते. तिघांना फोन केले. दोघं म्हणाले, आम्ही कुत्री-मांजरं बघतो, सशाचं आम्हाला जमत नाही. हे सरळ सांगितलं ते बरंच केलं. तिसरी बाई भेटली ती तुझ्या भाचीच्या वयाची, पण तिनं बर्फीला टॉवेलात असं गुंडाळलं की माझी भीती निम्मी तिथेच गेली. छाती ऐकली, दोन्ही नाकपुड्यांपुढे आरसा धरून वाफ दोन्हीकडून येते का बघितलं, मग तोंडात बारीक दिव्याची नळी घालून दाढा बघितल्या. मी विचारलं, शिंका नाकात आणि तुम्ही दात कशाला बघताय? तर म्हणाली, सशाचे २८ दात जन्मभर वाढत राहतात. वरच्या दातांची मुळं वाढली की नाकावर आणि डोळ्यातून नाकात येणाऱ्या नळीवर दाबतात. मग एक डोळा सारखा वाहतो, आणि आपण समजतो सर्दी झाली. बर्फीचे दात चांगले निघाले. दिवसभर गवत चावते ना, त्यानं झिजतात.

मग नाकातला नमुना तपासायला पाठवला. पाश्चुरेला निघाला. पाश्चरच्या नावाचाच जंतू गं. प्रॅक्टिकलला तू स्लाईड फोडली होतीस आणि मॅडमनी मला उभं केलं होतं, ते मी अजून विसरलेले नाही. हा जंतू कितीतरी सशांच्या नाकात गुपचूप बसून असतो. थंडी, प्रवास, घरातली गडबड, कसलाही ताण आला की उठतो. औषधानं दबतो, पण पुष्कळदा समूळ जात नाही. उद्या परत शिंकली तर दचकू नका, म्हणाली, पण बघत राहा.

काय बघायचं तेही मी तिच्याकडून नीट विचारून घेतलं. पाण्यासारखं नाक आणि एखाद-दुसरी शिंक असेल, खाणं-उड्या नेहमीसारख्या असतील, तर धूळ-धूर आवरायचा आणि लक्ष ठेवायचं. नाक पांढरं-पिवळं, घट्ट झालं, डोळा वाहायला लागला, पायांवर वाती दिसल्या, तर त्याच आठवड्यात दाखवायचं. श्वास घुरघुरतोय, मान वर करून हवा ओढतेय किंवा तोंड उघडून श्वास घेतेय, असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. ससा श्वास घेतो तो नाकानंच. त्यानं तोंड उघडलं म्हणजे त्याचा जीव कासावीस झालाय. आणि सर्दीनं वास येईना म्हणून खाणं थांबलं, तर बारा तासही वाट बघायची नाही. त्यांचं आतडं थांबलं की परत चालू करणं फार अवघड असतं. त्यात ही जात दुखणं लपवणारी. रानात जो आजारी दिसतो त्याच्यावरच झडप पडते, तो स्वभाव घरात आला तरी जात नाही. म्हणून मी आता रोज लेंड्या बघते, किती आणि केवढ्या. ती निजली की मिनिटाला श्वास मोजते. तीस ते साठ चालतात. काल बेचाळीस होते.

हे सगळं ऐकून मी उठणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आणि काकू, घरातलं मुलांचं अँटिबायोटिक सिरप चुकूनही पाजू नका. अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिलं तर सशाच्या पोटातले चांगले जंतू मरतात, वाईट वाढतात, त्यांचं विष भिनतं. जुलाब होऊन दोन-चार दिवसांत ससा जातो."

मी परत खुर्चीत बसले, सुमे.

तू शुक्रवारी दाजीबाचे पाय धुतलेस आणि मग तशीच त्याला आंघोळ घातलीस. शनिवारी तासगावला गेलीस. जाताना मला बजावलंस, "मंगल, माणसाचं औषध जनावराला देऊ नकोस हं." कारण मी आदल्या रात्री तसं बोलले होते. तू गेल्यावर मी घरमालकीण काकूंच्या फ्रीजमधलं नातवाचं उरलेलं गुलाबी सिरप घेतलं आणि दाजीबाला पाजलं. अर्धा अर्धा चमचा, रविवार रात्रीपर्यंत चार वेळा. बाटलीवरचं नाव मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. अमॉक्सिसिलिनच होतं. सोमवारी त्याला जुलाब लागले, पोट फुगलं. मंगळवारी सकाळी तू बस मधून उतरून आलीस तेव्हा तो गेलेला होता.

आणि मी काकूंच्या देखत तुला म्हणाले, "तुझ्या आंघोळीनं मेला तो."

तू एक शब्द बोलली नाहीस. तीन आठवडे बोलली नाहीस. मग संक्रांतीला तूच तिळगूळ घेऊन माझ्या कॉटपाशी आलीस. सिरपचं मी तुला तेव्हाही सांगितलं नाही, नंतरही नाही. तुझ्या लग्नाच्या आदल्या रात्री गच्चीवर तू म्हणालीस, "मी त्याला धुवायला नको होतं गं." तेव्हाही मी गप्प बसले. खरं सांगते, सिरपनंच गेला हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण शंका होती, आणि ती शंका मी तुझ्या पदरात टाकून मोकळी झाले.

आंघोळीचंही विचारलं मी डॉक्टरांना. सशाला पाण्यात घालूच नये, म्हणाली, तो घाबरतो, गारठतो. पण तू त्याला कोरडा केला होतास, आपल्या एकुलत्या एक शालीत घेऊन बसली होतीस, आणि शनिवारी तू निघालीस तेव्हा तो कोथिंबीर खात होता. मी बघितलंय. तो शिंकत होता, पण खात होता. आंघोळीनं तो गेला नाही, सुमे. मी नेला.

माफ कर म्हणायला हात उठत नाही, इतका उशीर झालाय. तरी म्हणते.

बर्फीला डॉक्टरांनी दिलेलं औषध दिवसातून दोनदा आहे, सिरिंजनं, गालाच्या कडेनं. शिवाय मिठाच्या पाण्याची वाफ, यंत्रानं, दहा मिनिटं. तिला पिशवीवजा घरात बसवते आणि मी शेजारी जमिनीवर बसते. पहिल्या दिवशी तिनं लाथा मारल्या, आता डोळे मिटून बसते. पायांच्या वाती ओल्या कापसानं सोडवल्या, सगळ्या एकदम नाही, रोज थोड्या.

तुझं काय? द्राक्षबागेवर दावण्या रोग आला असं वन्संकडून कळलं, खरं का? भावजींना छाटणीनंतर जरा बसायला मिळालं का? विनूचं ठरलं तर तारीख आधी मला कळव, ऋताला रजा काढावी लागेल. आणि तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन या हिवाळ्यातच करून घे, उन्हाळ्यावर ढकलू नकोस.

एक काम आहे. गच्चीवरचा आपला तिघांचा फोटो तुझ्याकडे आहे, तू दाजीबाला उभा धरलायस तो. त्यात त्याचे पुढचे पाय दिसतात का, ते बघ. दिसत असतील तर मला पाठव.

तुझी,
मंगल

ता.क. हे पत्र आत्ता संपवतेय आणि बर्फी दोनदा शिंकली. नाक कोरडं आहे, गवत खातेय.