मिरजेतल्या मोबाईल रिपेअरवाल्या दादांना, मनापासून थँक्यू

दादा, तुमचं नाव इथं टाकत नाही, तुम्हाला विचारलेलं नाही ना. पण मिरजेतले बरेच जण हे वाचतील आणि कुणीतरी तुम्हाला दाखवेलच, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. लेकीसाठी गाणी ऐकायचा छोटा प्लेअर घ्यायचा होता, त्यात तुम्ही जी मदत केलीत त्याबद्दल खूप खूप आभार. त्या दिवशी दुकानात थँक्यू म्हणाले तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडं सांगते. लेक पाचवीत आहे, गाणं शिकायला नुकतीच सुरुवात केलीय, पुढे गांधर्व महाविद्यालयाची प्रारंभिक ही गाण्याची पहिली परीक्षा द्यायची आहे. गाण्याच्या बाई क्लासमध्ये शिकवलेलं व्हॉट्सअपवर रेकॉर्ड करून पाठवतात आणि म्हणतात रोज ऐका, ऐकून ऐकूनच गळ्यात बसतं. आता ऐकायचं कशावर, यांचा मोबाईल ड्युटीवर जातो, माझा दिला की मध्येच कुणाचा तरी फोन येतो, मेसेज सारखे वाजत असतात, आणि दहा वर्षांच्या पोरीच्या हातात फोन दिला की भूप राग राहतो बाजूला आणि ती भलतंच काहीतरी बघत बसते, त्यात तिचा काय दोष, फोन असतोच तसा. म्हणून फक्त गाणं वाजवणारं काहीतरी हवं होतं, दोन हजाराच्या आत.

ऑनलाइन बघायला गेलं की टचस्क्रीन, ब्लूटूथ, व्हिडिओ, ई-बुक, हाय-रेस, काय काय लिहिलेलं असतं. आयपॉड तर ॲपलनं २०२२ मध्ये बंदच केला. कारवां, म्हणजे तो रेडिओसारखा दिसणारा गाण्यांचा डबा, सासूबाईंकडे आहे, आत पाच हजार जुनी गाणी आधीच भरलेली, त्यांच्यासाठी एकदम छान, पण बाईंचा एकच आलाप पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकायचा तर त्याचा काय उपयोग. 

आणि तुम्ही काय केलंत, तर किंमत किती, कंपनी कुठली यातलं काही न विचारता आधी विचारलंत, "ती नेमकं काय ऐकणार आणि कसं ऐकणार?" हे आजपर्यंत कुठल्याच दुकानात कुणी विचारलं नव्हतं हो. मी सांगत गेले आणि तुम्ही एकेक गोष्ट काढून टाकत गेलात. टच नको, बटणं पाहिजेत, कारण गाताना न बघता बोट बरोबर बटणावर गेलं पाहिजे. ए-बी रिपीट हवंच, म्हणजे बाईंची एक ओळ कुठे सुरू होते आणि कुठे संपते तिथं खूण करायची की तेवढीच ओळ वाजत राहते. बंद करून परत चालू केलं की जिथं थांबलं तिथूनच सुरू व्हायला हवं. ब्लूटूथच्या मागे लागू नका म्हणालात, कारण त्यात आवाज थोडा उशिरा पोचतो आणि मग ए-बीची खूण बरोबर जागी बसत नाही. साधा वायरचा इअरफोन, तोही एकाच कानात, दुसरा कान मोकळा, म्हणजे पोरीला स्वतःचा आवाजही ऐकू येतो. छोटा स्पीकर आतच असला तर उत्तम. झालं, एवढंच. आणि हे सगळं असलेला प्लेअर स्वस्तातलाच निघाला. तुम्ही मला महागातला सहज देऊ शकला असता, मी घेतलाही असता.

तंबोऱ्याचं तर मला खास सांगायचंय. आपल्या मिरजेत सतार-तंबोरे बनतात, देशभरातले गवय्ये इथून नेतात, तरी शिकायला लागलेल्या पोरीसाठी लगेच खरा तंबोरा घेणं आम्हाला परवडणारं नाही. मग लेकीच्या पट्टीचा, म्हणजे काळी चारचा, तंबोरा फाईल म्हणून प्लेअरमध्ये भरला. ती फाईल एका मिनिटाची होती आणि रिपीटला लावली की दर मिनिटाला बारीकसा खंड पडायचा, सूर तुटायचा. लेक त्या क्षणी गोंधळायची. तुम्ही ऐकलंत आणि लगेच सांगितलंत की एमपी३ बनवताना फाईलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता आपोआप भरली जाते, मोठ्या प्लेअरमध्ये ती काढून टाकायची सोय असते, साध्यात नसते. मग तासाभराची एकच सलग फाईल बनवून दिलीत. आता पूर्ण रियाज होतो, मध्ये तुटत नाही. पैसे विचारले तर हात जोडलेत.

व्हॉट्सअपचंही तसंच. बाईंचे व्हॉइस मेसेज ओपस नावाच्या प्रकारात असतात आणि साध्या प्लेअरला ते कळतच नाहीत, कॉपी केले तरी लिस्टमध्ये दिसत नाहीत. ते एमपी३ कसे करायचे हे तुम्ही माझ्याच फोनवर, माझ्याच हातानं करून घेतलंत, म्हणून आता दर वेळी दुकानात पळावं लागत नाही. फाईलींची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवायला सांगितलीत, कारण मराठी नाव दिलं की स्क्रीनवर नुसते चौकोन दिसतात. (हे मात्र मला पटत नाही, मराठी माणसं एवढी गाणी ऐकतात, प्लेअरवाल्यांनी देवनागरी दाखवायला काय हरकत आहे?) आणि काही प्लेअर नावाप्रमाणे नाही तर ज्या क्रमानं मेमरी कार्डावर कॉपी केलं त्या क्रमानं वाजवतात, म्हणून आधी अलंकार, मग सरगम, मग बंदिश असं एकेक टाकायचं, हे तर कुठं लिहिलेलंही नव्हतं.

कार्डाबद्दल सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं. मी ६४ जीबीचं मागितलं तर तुम्ही म्हणालात ३२ च्या वरची कार्डं एक्सफॅट नावाच्या वेगळ्या फॉरमॅटमध्ये येतात, स्वस्तातले बरेच प्लेअर ती वाचत नाहीत, आणि तुम्हाला एवढं लागणार पण नाही. एमपी३ १२८ केबीपीएस या साध्या दर्जाची केली तर एका मिनिटाला साधारण एक एमबी, म्हणजे १६ जीबीतसुद्धा अडीचशे तासांच्या वर गाणं बसतं. पाचवीतल्या मुलीला अजून किती पाहिजे! शिवाय कार्ड देण्याआधी कॉम्प्युटरला लावून पूर्ण भरून, परत वाचून बघितलंत, कारण वर ३२ लिहिलेलं आणि आत जागा भलतीच कमी अशी नकली कार्डं बाजारात खूप फिरतात. तेवढा वेळ दुकानात गिऱ्हाईक उभं होतं तरी तुम्ही घाई केली नाहीत.

त्याच कार्डात तुम्ही किराणा घराण्याचे मोठे गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या जुन्या रेकॉर्डी पण टाकून दिल्यात, तीन-साडेतीन मिनिटांच्या. म्हणालात खाँसाहेब इथंच राहायचे, दर्ग्यात त्यांच्या नावानं दरवर्षी गाणं होतं, मग मिरजेच्या पोरीनं हे ऐकायला नको का. त्या जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरच्या मोनो रेकॉर्डी, त्यांना जास्त बारकाईनं आवाज देणारा हाय-रेस प्लेअर लागतच नाही हे पण तेव्हाच कळलं. लेक आता शाळेतून आली की एक तरी लावतेच. तिला सगळं समजत नाही अजून पण डोळे मिटून ऐकते, आणि मला ते बघून किती बरं वाटतं कसं सांगू.

अजून एक, तुम्ही आवाजाची लिमिट लावून दिलीत. मी नंतर वाचलं, जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी ७५ डेसिबलच्या आत, आठवड्याला ४० तास एवढीच मर्यादा सांगते. प्लेअर घेताना हे कुठल्याच पालकाच्या डोक्यात येत नाही, तुमच्या आलं, त्याबद्दल वेगळे आभार.

बाईंनाही हे सगळं सांगितलंय. क्लासमधल्या दोन मुलींच्या आया येत्या रविवारी तुमच्याकडे येणार आहेत, एकीची पट्टी काळी पाच आहे, त्यामुळे तासाभराचा तंबोरा त्या पट्टीत बनवावा लागेल. आणि दादा, यावेळी त्याचे पैसे घ्याच, त्यांना मी तसं सांगूनच पाठवतेय.