आमच्या ग्रंथपाल मॅडमना

आदरणीय मॅडम,

सहायक प्राध्यापकपदाच्या अर्जासोबत द्यायची यादी काल काढली आणि माझे सगळे शोधनिबंध पहिल्यांदाच एका ठिकाणी दिसले. हे तुमच्यामुळे झालं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

लग्नाआधीचे निबंध माहेरच्या आडनावाने, नंतरचे सासरच्या. कुठे आडनाव आधी छापलेलं, कुठे मधल्या नावाचं नुसतं आद्याक्षर. एका डेटाबेसमध्ये माझं प्रोफाइल दोन तुकड्यांत विभागलं गेलं होतं आणि माझ्याच नावाच्या दुसऱ्या एका बाईंचे निबंध माझ्या खात्यावर पडले होते. "कुठलं तरी एक नाव पक्कं करा," एवढंच सगळे सांगत. तुम्ही मात्र नाव बदलायला सांगितलं नाहीत, ऑर्किडची (ORCID, म्हणजे संशोधकाला स्वतःचा कायमचा ओळख क्रमांक देणारी सोय) नोंदणी उघडून दिलीत. २०१२ पासून सुरू असलेली ही सोय संशोधकांना मोफत आहे आणि तो १६ अंकी क्रमांक नाव, नोकरी, देश काहीही बदललं तरी तोच राहतो. 'इतर नावं' या रकान्यात माझी दोन्ही आडनावं लिहिली, तेव्हा किती हायसं वाटलं म्हणून सांगू! पीएचडीची सगळी मेहनत त्या पहिल्या आडनावाने केली होती.

तुम्ही माझा पासवर्ड कधीच मागितला नाहीत. शेजारी खुर्ची ओढून बसलात आणि सगळं माझ्याच हातून करून घेतलंत. प्रत्येक निबंधाचा डीओआय, म्हणजे त्या निबंधाचा कायमचा डिजिटल क्रमांक, टाकायचा, संस्थेचं नाव आणि सहलेखक ताडून पाहायचे, मगच छापील प्रतीवर पेन्सिलीने बारीक खूण. घाई अजिबात नाही. त्या डेटाबेसला प्रोफाइल एकत्र करण्याची विनंतीही तेव्हाच गेली. नवा निबंध पाठवताना हा क्रमांक द्यायचा आणि क्रॉसरेफला (निबंधांचे डीओआय नोंदवणारी संस्था) एकदा परवानगी द्यायची, म्हणजे पुढची नोंद आपोआप होते, हेही तुमच्याकडूनच कळलं.

आणि कॉलेजच्या ईमेलसोबत माझा खासगी ईमेलही जोडायला लावलात. मी तासिका तत्त्वावर आहे, नेमणूक संपली की कॉलेजचा ईमेल बंद होणार आणि खात्याची किल्ली हातातून जाणार. माझ्या नोकरीची ही बाजू ओळखून कुणी आधीच काळजी घेईल, असं वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात भूगोल विभागातल्या दोघी तुमच्याकडे येतील. त्यांचीही आडनावं बदलली आहेत. मीच पाठवते आहे.

तुमची कृतज्ञ,
रसायनशास्त्र विभागातली एक शिक्षिका