राईतला बेहडा पडला

देवरूख,
कार्तिक

प्रिय दिन्या,

आईचे गुडघे तसेच, माझी साखर आटोक्यात. आता मुद्द्याचं. आपल्या देवराईतला मोठा बेहडा आषाढातल्या वादळात मुळासकट आडवा झाला. तोच, ज्याच्या बिया फोडून तू गर खाल्लास आणि गुरवाच्या पडवीत गरगरत पडलास. आजीने देवाचा कोप समजून नारळ फोडला. जास्त गर खाल्ला की झिंग येते, हे तिला सांगायची आपली छाती नव्हती! त्याच्या ढोलीत ककणेराची, त्या मोठ्या चोचीच्या धनेशाची, मादी अंडी घालायला शिरून तोंड लिंपून स्वतःला कोंडून घ्यायची. यंदाची पिल्लं पावसाआधी उडाली होती, तेवढंच समाधान.

पण खरं सांगायचंय ते पुढचं. कॉलेजच्या पोरांबरोबर मी राई मोजतोय. दहा बाय दहा मीटरची चौकट आखायची, झाडांचा घेर १.३७ मीटर उंचीवर फितीने घ्यायचा, रोपं वेगळी मोजायची. वाढत्या रानात बारीक घेराची झाडं सर्वांत जास्त असतात आणि घेर वाढेल तशी संख्या उतरत जाते. आपल्याकडे तसं फक्त अंजनीचं आहे, तिला सावली चालते. बेहडा, सातवीण, धूप यांचे कवेत न मावणारे बुंधे आहेत, खाली चिमुकली रोपं आहेत, आणि मधलं कोणीच नाही. गुरं खातात. शिमग्याआधी राई बेणतात, खालची झुडपं साफ करतात, तेव्हा कोयता फिरतो. पातेरा, म्हणजे खाली पडलेला पाला, झाडून नेला की जांभळासारखं ओलं बी सुकून मरतं.

देवाच्या भीतीनेच राई टिकते, असं म्हणत तू एसटीत माझ्याशी भांडलास आणि चिपळूणपर्यंत बोलला नाहीस. कुऱ्हाडीपुरतं तुझं खरंच होतं. वर्तक आणि गाडगीळ या शास्त्रज्ञांनी १९७६ साली देवरायांवर लिहिलं, त्यातही ही श्रद्धेची राखण आहेच. पण बेणणीला भीती कसली? ती तर देवाचीच सेवा समजून करतात.

आणि दिन्या, बेहडा पडला तिथे आभाळ उघडलं ना, त्या उजेडात इतकी वर्षं खुरटून बसलेली रोपं दिवाळीपर्यंत अशी तरारली! बेहड्याचीच पोरं, शेंड्याला तांबूस कोवळ्या पानांचा झुबका. मी खाली बसून एकेका रोपाला हात लावून पाहिला. मधली पिढी तयार व्हायची तर ती इथूनच.

नेमकी हीच जागा देवळाच्या कमिटीला सभामंडपाला हवी आहे. ‘आयतीच मोकळी झाली,’ म्हणतात. खाली पेव्हर ब्लॉक, कडेने गुलमोहर. अरे, राईत गुलमोहर! मला रात्री झोप येत नाही. मंडप पालखी बसते त्या सहाणेशेजारी होऊ शकतो, तिथे जागा पडून आहे. इथे काही पावसाळे कोयता नको, गुरं नकोत, आणि पडलेलं खोडही तिथेच कुजू द्यावं. देवाला कौल लावायचा तर लावू, गुरवाशी बोललोय. पण पैसा गावाच्या मुंबई मंडळाचा आहे आणि तिथे तुझा शब्द चालतो, माझा नाही.

तुझ्या बदलीचं कळलं, बरं झालं. धाकटीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार.

मंडळाची सभा कधी ते लगेच कळव. तक्ते आणि फोटो घेऊन रात्रीच्या गाडीने येतो.

तुझा,
अव्या