फेरो बेटांची लीग आणि युरोपचा पैसा

महोदय,

फेरो बेटांच्या फुटबॉलविषयी आपल्या क्रीडा पानावर अधूनमधून येणाऱ्या बातम्या मी आवर्जून वाचतो. तिथल्या एखाद्या संघाने युरोपातील बलाढ्य संघाला नमवले की चौकटीत चार ओळी येतात, बेटांची लोकसंख्या सांगितली जाते, दिवसा नोकरी करून संध्याकाळी सराव करणाऱ्या खेळाडूंचे कौतुक होते आणि विषय तिथेच मिटतो. हे खेळाडू ज्या लीगमध्ये घडतात तिच्याविषयी मात्र कधी काही छापून आल्याचे आठवत नाही. त्या लीगपुढे आज जो प्रश्न उभा आहे तो या विजयांतूनच निर्माण झाला आहे, म्हणून हे पत्र.

डेन्मार्कच्या राज्यातील या स्वायत्त प्रदेशात अठरा बेटे आणि सुमारे ५४ हजार माणसे आहेत. तिथली लीग १९४२ साली, म्हणजे बेटे ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात असताना सुरू झाली आणि पहिले विजेतेपद क्लाक्सविक शहराच्या केआय संघाने मिळवले. १९४४ मध्ये स्पर्धा झालीच नाही, कारण युद्धामुळे बेटांवर चेंडू मिळेनासे झाले होते. आज वरच्या श्रेणीत दहा संघ आहेत आणि प्रत्येक संघ दुसऱ्याशी तीनदा खेळतो, त्यामुळे मार्च ते ऑक्टोबर या काळात प्रत्येकाच्या वाट्याला २७ सामने येतात. तीनपैकी दोन सामने कुणा एकाच्याच मैदानावर होणार हे उघड आहे. वाऱ्यापावसाच्या त्या प्रदेशात घरचे मैदान म्हणजे मोठाच आधार असल्याने ही रचना मला फारशी न्याय्य वाटत नाही, पण इतक्या कमी संघांत हंगाम भरायचा तर दुसरा सोयीचा मार्गही दिसत नाही.

या वेळापत्रकाचा एक फायदा मात्र नजरेतून सुटू नये. युरोपीय पात्रता फेऱ्या जुलैत सुरू होतात तेव्हा फेरोचे संघ हंगामाच्या मध्यावर, पूर्ण लयीत असतात आणि मध्य युरोपातील संघ नुकतेच सुटीवरून परतलेले असतात. जुलै २०२३ मध्ये केआयने चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत हंगेरीच्या फेरेन्कव्हारोसला त्यांच्याच बुडापेस्टमध्ये ३-० असे हरवले, त्यामागे आर्नी फ्रेडरिक्सबर्गचे दोन आणि लुक कासीचा एक गोल जसा होता, तसे हे वेळापत्रकही होते. त्या पराभवानंतर फेरेन्कव्हारोसच्या प्रशिक्षकाला पद गमवावे लागले. पुढे स्वीडनच्या हेकेनला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून केआयने कॉन्फरन्स लीग या युरोपातील तिसऱ्या दर्जाच्या क्लब स्पर्धेच्या गटसाखळीपर्यंत मजल मारली. तिथवर पोहोचलेला हा फेरोचा पहिलाच क्लब. गटात त्यांनी फ्रान्सच्या लीलला गोलशून्य बरोबरीत रोखले आणि स्लोव्हेनियाच्या ऑलिंपिया ल्युब्लियानाला तीन गोलांनी हरवले.

आता मुद्द्याकडे येतो. त्या मोसमात कॉन्फरन्स लीगच्या गटसाखळीत नुसता प्रवेश मिळवणाऱ्या क्लबला युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाकडून २९ लाख ४० हजार युरो मिळत होते. सामने जिंकल्याचे पैसे वेगळे. ज्या लीगमध्ये बहुतेक खेळाडू अर्धव्यावसायिक आहेत आणि क्लबांची बरीच कामे गावकरी विनामोबदला करतात, तिथे एका वर्षात एकाच क्लबच्या खात्यात एवढी रक्कम जमा होते, याचा अर्थ बाकीच्या नऊ संघांनी काय लावायचा? युरोपात न खेळलेल्या क्लबांसाठीही युएफा काही वाटा देते हे खरे, परंतु त्याने ही दरी बुजेल असे मानणे भाबडेपणाचे आहे.

केआयवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की त्यांचे यश पैशाच्या आधीचे आहे. १९९९ नंतर तब्बल वीस वर्षे विजेतेपदाविना काढून त्यांनी २०१९ मध्ये लीग जिंकली, नंतर २०२१ ते २०२३ अशी सलग तीन वर्षे जिंकली, आणि २०२४ मध्ये विकिंगूरने ती साखळी तोडली. म्हणजे चुरस अजून संपलेली नाही. पण विकिंगूर हा संघ कसा उभा राहिला तेही पाहावे. सहा वेळा लीग जिंकलेला गोटा गावाचा क्लब आणि शेजारच्या लेरविकचा क्लब २००८ मध्ये एकत्र आले, तेव्हा हा संघ झाला. इतकी विजेतेपदे नावावर असलेल्या गावाने आपले नाव सोडून देणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि अशी विलीनीकरणे तिथे इतरत्रही झाली आहेत.

त्यात समुद्राखालच्या बोगद्यांची भर पडली आहे. २००६ च्या बोगद्याने क्लाक्सविक शेजारच्या आयस्तुरोय बेटाशी जोडले गेले आणि २०२० च्या बोगद्याने त्या बेटाला राजधानी तोर्शाव्हन जवळ आणली. चाहत्यांची सोय झाली, सराव सोपा झाला. पण लहान गावातल्या होतकरू मुलाला घर न बदलता रोज संध्याकाळी मोठ्या क्लबच्या सरावाला जाणेही तितकेच सोपे झाले. दक्षिणेकडील सुदुरोय बेटावर जायला आजही बोटीत दोन तास बसावे लागते, त्यामुळे तिथला संघ वरच्या श्रेणीत असला की प्रवासाचा भार त्याच्यावरच सर्वांत जास्त पडतो.

माझ्या मते युरोपीय उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा सर्व क्लबांच्या युवा संघांसाठी एका समाईक निधीत जावा, असा नियम तिथल्या फुटबॉल संघटनेने क्लबांच्या संमतीने करावा. कमावणारा क्लब कुरकुर करील, हे मान्य आहे. परंतु जुलैत युरोपात उतरताना त्याच्या पायांत जी लय असते ती याच दुबळ्या संघांशी चुरशीने खेळून आलेली असते. ती चुरस आटली तर नुकसान त्याचेही होईल.

आपल्याकडे विनंती इतकीच की पुढच्या धक्कादायक निकालाची वाट न पाहता ऑक्टोबरअखेर या लीगचा अंतिम गुणतक्ता छापावा. दहाच ओळींचा असल्याने जागेची अडचण येऊ नये.

आपला,
एक नियमित वाचक