किल्लीवाल्या मामांना

मामा, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, जेवलीस काय?" म्हणून विषय मोडता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते. (लिहिताना 'लिहिते', बोलताना मात्र अजून 'येतो-जातो'च. सरावाच्या कॅम्पमधल्या पुण्याच्या पोरी हसतात, हसू देत.)

परवा खुल्या राष्ट्रीय स्पर्धेत १०० मीटरच्या फायनलला उभी राहिले. 'सेट' झालं आणि शेजारच्या लेनमधली मुलगी आधीच सुटली. तिला बाद केल्याचं लाल-काळं कार्ड दाखवलं. ती डोळे पुसत बाहेर गेली आणि आम्ही उरलेल्या सातजणी परत पाय रोवायच्या स्टार्टिंग ब्लॉक्सवर वाकलो. मला तेव्हा तुमच्या फळ्या आठवल्या.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तिच्या जागी मी होते. २०१० पासून पहिल्याच चुकीला बाहेर, हे पाठ होतं. बंदुकीनंतर ०.१ सेकंदाच्या आत पाय दाबला तरी ती चूकच धरतात, हेही. पण माहीत असून काय उपयोग? आवाजाचा अंदाज बांधायची खोड लागली होती. घरी येऊन चार दिवस ग्राउंडला फिरकले नाही.

पाचव्या दिवशी आले, तर मोडक्या बाकाच्या दोन फळ्यांना बिजागरी ठोकून तुम्ही बंदुकीऐवजी वाजवायचा क्लॅपर करून ठेवला होता. रागावला नाहीत, समजूतही काढली नाही. मुरमात ब्लॉक्स ठोकले, ते सरकू नयेत म्हणून मागं टाच रोवून उभे राहिलात आणि "सेट" म्हणालात. मग गप्प. कधी लगेच फट्ट. कधी दंड थरथरेपर्यंत काहीच नाही. आणि कधी फळ्या वाजवायच्याच नाहीत, "उठ, पाणी पी!" दोन महिने रोज तीस-तीस स्टार्ट. मी मनातल्या मनात तुम्हाला काय काय बोलले असेन, ते इथं लिहीत नाही.

संध्याकाळी ग्राउंड पेठेतल्या फुटबॉलवाल्यांचं. कोल्हापुरात त्यांना कोण हटकणार? उरायची ती पहाट, आणि गेट तर साडेसातला उघडायचं. तुम्ही पाचला उघडायचात, कुणाला न विचारता. नदीकडून धुकं आलं की फक्कीची रेघ दिसायची नाही, तरी १.२२ मीटरवर गाठ मारलेली सुतळी घेऊन तुम्ही लेन आखायचात. आखता आखता पैलवान खाशाबा जाधवांची गोष्ट. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. एकदा मी विचारलं, मामा, तुम्ही हे सगळं कशाला करता? "खर्डेकर सरांकडं घर हुतं. माझ्याकडं गेटाची किल्ली हाय."

तुमच्या स्टॉपवॉचवर मी १२.५ पळायचे. आंतरविद्यापीठला इलेक्ट्रॉनिक टायमिंग १२.८ आलं आणि मी खचले. हातातल्या घड्याळाच्या वेळेत २४ शतांश मिळवायचे असतात, हे मागाहून कळलं. तुम्ही म्हणालात, "घड्याळ बरोबर हाय, अंगठा म्हातारा झालाय."

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. खेळाडू कोट्यातून रेल्वेत नोकरी, सिंथेटिक ट्रॅक, फिजिओ, मापून खाणं. धावपटू द्युती चंदचं १०० मीटरचं ११.१७ सेकंद अजून लांब आहे, उगाच बढाया मारत नाही. परवाही सहावीच आले. पण दुसऱ्यांदा 'सेट' म्हटल्यावर स्टार्टरनं ताणलं, खूप ताणलं, आणि मी हलले नाही. पी. टी. उषाताईंचं ऑलिंपिक पदक १९८४ मध्ये एक शतांश सेकंदानं गेलं. आमच्या धंद्यात न हलण्यालाही किंमत असते.

पुढच्या महिन्यात येतो. फळ्यांची बिजागरी गंजली असेल, तेल घालून ठेवा.

तुमची,
पाचच्या गेटाची पोरगी