जाड गोळी लांब जाते, हा गैरसमज

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील बंदुकांविषयी नुकताच आलेला लेख मी आणि माझ्या इथल्या, अमेरिकेतील, दोन मराठी मित्रांनी लक्षपूर्वक वाचला. लेखाच्या मूळ चिंतेशी माझे भांडण नाही. एआर-१५ जातीच्या रायफलीने या देशात जी हत्याकांडे घडली, त्यांच्या बातम्या इथे राहणाऱ्याला तिथल्यापेक्षा जवळून ऐकाव्या लागतात. परंतु लेखासोबतच्या चौकटीत ‘या रायफलीत आता अर्ध्या इंचाची गोळीही घालता येते आणि गोळी जितकी जाड तितका तिचा पल्ला लांब’ असे जे वाक्य आहे, ते दोन्ही अंगांनी चुकीचे आहे. मिशिगन राज्याच्या दक्षिण भागात गेली काही वर्षे मी परवाना काढून हरणाची शिकार करतो आणि मोठ्या कॅलिबरचे, म्हणजे जाड गोळीचे, काडतूस निवडण्याचा प्रश्न मला स्वतःला सोडवावा लागला होता, म्हणून हे पत्र.

प्रथम ‘घालता येते’ या शब्दाविषयी. एआर-१५ ही मुळात .२२३ इंच म्हणजे सुमारे साडेपाच मिलिमीटर जाडीच्या लहान गोळीसाठी बेतलेली हलकी रायफल आहे. तिच्या नळीत जाड काडतूस शिरतच नाही. त्यासाठी नळी, बोल्ट (काडतुसाचे बूड धरून नळी मागून बंद करणारा पोलादी भाग) आणि ज्याला इकडे नुसते ‘अप्पर’ म्हणतात तो वरचा सगळा भाग बदलावा लागतो, आणि काही काडतुसांसाठी मॅगझिनही. बदलता येत नाही ती एक गोष्ट: मॅगझिन ज्या खोबणीत बसते तिची लांबी. संपूर्ण काडतूस बुडापासून गोळीच्या टोकापर्यंत २.२६ इंच, म्हणजे ५७ मिलिमीटरच्या आसपास मावले पाहिजे. अमेरिकी सैन्याने १८७३ साली स्वीकारलेले .४५-७० हे प्रसिद्ध काडतूस हरणासाठी आजही उत्तम आहे, पण त्याची नुसती पुंगळीच (दारू भरायचे धातूचे नळकांडे) २.१ इंचांची असल्याने या रायफलीत ते बसण्याचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे या रायफलीसाठी जाड काडतूस करणाऱ्या प्रत्येकाला ते आखूड आणि बुटकेच करावे लागले.

दुसरी अडचण बोल्टची. जाड पुंगळीचे बूड धरायचे तर बोल्टचे तोंड कोरून मोठे करावे लागते, म्हणजे त्याच्या कडेचे पोलाद पातळ होते; शिवाय बूड रुंद झाले की तेवढ्याच दाबाने बोल्टवर येणारा रेटा वाढतो. यावर दोन उपाय योजले गेले. एक म्हणजे पुंगळीच्या अंगापेक्षा तिच्या बुडाची कड लहान ठेवणे, आणि दुसरा म्हणजे दारूचा दाबच कमी राखणे. .२२३ चा कमाल दाब चौरस इंचाला ५५,००० पौंड धरतात; या रायफलीसाठी केलेल्या तीन जाड काडतुसांपैकी .४५० बुशमास्टरचा ३८,५००, .४५८ सोकॉमचा ३५,००० आणि .५० बेओवुल्फचा ३३,०००. गोळी जाड होत गेली तसा दाब उतरत गेला, हे आकडेच सांगतात.

आता पल्ल्याकडे येतो. गोळीचे वजन आजही ग्रेनमध्ये मोजतात, आणि मराठी वाचकाला ते परके वाटायचे कारण नाही, कारण आपला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा. .२२३ ची नेहमीची गोळी ५५ ग्रेनची, म्हणजे तोळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी; ती नळीतून सेकंदाला सुमारे ९८८ मीटर वेगाने निघते. .४५० बुशमास्टरची २५० ग्रेनची गोळी म्हणजे एक तोळा आणि वर सुमारे पावणेपाच मासे. तिचा आरंभीचा वेग ६७० मीटर. ही जड, बोथट गोळी हवेला छाती देत जाते आणि लवकर दमते. दोनशे यार्डांवर पोहोचेपर्यंत तिच्यात नळीच्या तोंडाशी असलेल्या ऊर्जेच्या निम्म्याहूनही कमी उरते. रायफलीचा नेम शंभर यार्डांवर बांधून ठेवला, तर दोनशे यार्डांवर ती सुमारे वीतभर खाली लागते.

ही वीत मी पुस्तकात वाचून सांगत नाही. दुसऱ्या हंगामात, कापणी झालेल्या सोयाबीनच्या शेताच्या कडेला मचाणावर बसलो असताना उतरत्या उन्हात एक मादी बांधालगत येऊन उभी राहिली. अंतर मी नजरेने सव्वाशे यार्ड धरले, छातीच्या मधोमध नेम घेतला आणि चाप ओढला. हरणाच्या पोटाखाली मातीचा फवारा उडालेला मला दुर्बिणीतून स्पष्ट दिसला, ते दोन उड्यांत मक्याच्या धाटांत गेले, आणि नंतर मोजले तेव्हा अंतर एकशे नव्वद यार्ड भरले. जखमी होऊन ते कुठे तरी तडफडत पडले नाही, एवढेच माझे नशीब. मागे चढाची माती होती म्हणून गोळी तिथेच गाडली गेली. ती पाहूनच मी तिथे मचाण बांधले होते. लवकर दमणारी झाली तरी ही गोळी आहे, मोकळ्या सपाटीवर चुकली तर मैलभर जाऊ शकते, हे इथे सांगितले पाहिजे.

मग एवढ्या खटाटोपाने जाड काडतूस निवडायचेच कशाला? याचे उत्तर बहुतांशी कायद्यात आहे. दक्षिण मिशिगन हा सपाट, शेतीचा आणि दाट वस्तीचा मुलूख. तिथे हरणाच्या हंगामात अनेक वर्षे फक्त शॉटगन, ठासणीची बंदूक आणि काही ठरावीक हातबंदुका चालत. लांब पल्ल्याच्या रायफली राज्याच्या उत्तरेकडे. २०१४ मध्ये या दक्षिण पट्ट्यात काही रायफलींना मुभा मिळाली, पण अटी घालून: काडतुसाची पुंगळी सरळ भिंतीची हवी, म्हणजे बाटलीसारखी मानेपाशी आवळलेली नको; गोळी किमान .३५ कॅलिबरची हवी. आणि पुंगळीची लांबी १.१६ ते १.८० इंचांच्या दरम्यान हवी. बाटलीच्या आकाराच्या पुंगळीत भरपूर दारूमागे बारीक गोळी ठेवता येते आणि ती फार लांब, फार वेगाने जाते. सरळ पुंगळीत ते साधत नाही. नेमका आखूड पल्ला हवा म्हणून कायद्याने जाड गोळी मागितली. आपल्या लेखातील वाक्य याच्या बरोबर उलट आहे.

या अटींच्या दृष्टीने जी तीन जाड काडतुसे मी पाहिली, त्यांची हकीकत वेगवेगळी आहे. अमेरिकी मरीन दलात अधिकारी राहिलेले नेमबाजी-प्रशिक्षक जेफ कूपर यांनी अर्धस्वयंचलित हलक्या रायफलीत .४४ वा त्याहून जाड गोळी असावी अशी कल्पना मांडली होती. त्या कल्पनेवरून एका कारागिराने काडतूस घडवले, हॉर्नाडी कंपनीने त्याची पुंगळी १.७ इंचांपर्यंत आखूड केली आणि २००७ मध्ये ते .४५० बुशमास्टर या नावाने बाजारात आले. .५० बेओवुल्फ हे बिल अलेक्झांडर यांचे, त्याहून जाड, सुमारे ३३५ ग्रेनची गोळी घेणारे. तिसरे .४५८ सोकॉम. त्यात तीनशेपासून सहाशे ग्रेनपर्यंतच्या गोळ्या भरतात आणि रायफलीची नेहमीची मॅगझिनही त्याला चालते, ही त्याची मोठी सोय. पण त्याच्या पुंगळीला तोंडापाशी हलका खांदा आहे. तो खांदा ‘सरळ भिंत’ या शब्दांत बसतो की नाही, याचा खल मला शेताच्या बांधावर वन-अधिकाऱ्यासमोर उभे राहून करायचा नव्हता, म्हणून मी ते सोडले. बेओवुल्फ सोडले ते वेगळ्या कारणाने. ते बनवणारे मोजके, आणि गावच्या दुकानात १४ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, म्हणजे हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी, जे काडतूस मांडणीवर मिळत नाही ते घेऊन काय करायचे? बुशमास्टर हॉर्नाडीखेरीज विंचेस्टर, रेमिंग्टन आणि फेडरल हेही बनवतात.

याच जागी आपल्या चौकटीतील सर्वांत गंभीर चूक येते. ‘पन्नास कॅलिबर’ हा शब्द वाचून लेखकाने .५० बेओवुल्फ आणि सैन्याच्या जड मशीनगनचे .५० ब्राउनिंग ही दोन काडतुसे एकच मानलेली दिसतात. दोन्हींच्या नावातली जाडी अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, हे खरे. परंतु एकाची पुंगळी ४२ मिलिमीटर लांब, तर दुसऱ्याची ९९. आणि ऊर्जेत पहिले दुसऱ्याच्या जेमतेम पाव हिश्श्याच्या आत आहे. कॅलिबर हा केवळ गोळीच्या जाडीचा आकडा आहे. मागे दारू किती आणि दाब किती, हे त्यावरून कळत नाही, जसे नळाच्या तोंडाच्या मापावरून टाकी किती उंचावर आहे ते कळत नाही.

लहान-मोठ्या व्यावहारिक गोष्टीही निवडीत येतात. बुशमास्टरचे काडतूस तळहातावर घेतले तर .२२३ च्या शेजारी ते करंगळीशेजारी अंगठा ठेवावा तसे दिसते. पुढे लाल प्लास्टिकचे टोक, आणि पुंगळी खालपासून वरपर्यंत जवळजवळ सारख्या जाडीची. ही पुंगळी नळीच्या कोठीत आपल्या तोंडाच्या काठावर टेकते, खांद्यावर नव्हे. त्यामुळे घरी काडतुसे भरणाऱ्याने तो काठ आत दुमडू नये, नाही तर काडतूस कोठीत नको तितके खोल जाते. धक्का चांगलाच बसतो. पहिल्या दिवशी वीस बार काढून मी दुसऱ्या दिवशी कार्यालयात डाव्या हाताने चहाचा पेला उचलत होतो. नळीच्या तोंडाला ब्रेक (वायू बाजूंना सोडणारे टोपण) लावला तर धक्का कमी होतो, पण शेजारी बसलेल्याच्या कानांचे हाल होतात. मिशिगनमध्ये शिकारीच्या अर्धस्वयंचलित रायफलीत नळी आणि मॅगझिन मिळून सहापेक्षा जास्त काडतुसे मावता कामा नयेत, म्हणून पाचाचे मॅगझिन. शेजारच्या ओहायोत सरळ पुंगळीच्या रायफलीत तीनच भरता येतात, आणि पेनसिल्व्हेनियात हरणासाठी अर्धस्वयंचलित रायफल चालतच नाही. खरे सांगायचे तर पाच काडतुसांची गरज मला कधी पडलेली नाही. पहिली गोळी चुकली की हरीण दुसरीसाठी थांबत नाही, आणि हेच काडतूस, दर बारानंतर हाताने बोल्ट ओढाव्या लागणाऱ्या साध्या रायफलीतही मिळते.

आज नव्याने निवड करायची असती तर मी बहुधा २०१९ मध्ये विंचेस्टरने आणलेले .३५० लेजंड घेतले असते. पुंगळी सरळ, गोळी कायद्याच्या किमान मापापेक्षा किंचित जाड, धक्का सौम्य; आणि त्याच्या पुंगळीच्या बुडाची कड .२२३ एवढीच असल्याने बोल्ट कोरून पातळ करावा लागत नाही. दीडशे यार्डांच्या आतल्या, सत्तर-ऐंशी किलोच्या हरणासाठी ते पुरेसे आहे. जाडीचा हट्ट अनेकदा हौसेचा असतो, हे मी माझ्यासकट सांगतो.

भारतातील वाचकाने या पत्राला खरेदीची यादी समजू नये. तिथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि शस्त्र नियम, २०१६ नुसार अर्धस्वयंचलित रायफल सामान्य परवान्याच्या कक्षेबाहेर आहे. देवरुखजवळच्या आमच्या घरी आजोबांकडे रानडुकरांपासून शेत राखण्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती आणि प्रत्येक निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. माझी बंदुकीची ओळख एवढीच होती. ‘बोअर’ आणि ‘कॅलिबर’ हे शब्द मात्र मराठी बातम्यांत रोज येतात आणि त्यांचा अर्थ ‘किती भयंकर’ असा लावला जातो.

तरी पुढील रविवारच्या पुरवणीत दोन दुरुस्त्या छापाव्यात ही विनंती: त्या चौकटीतील ‘पन्नास कॅलिबर’ म्हणजे ४२ मिलिमीटर पुंगळीचे .५० बेओवुल्फ, मशीनगनचे काडतूस नव्हे; आणि ‘जितकी जाड तितका लांबचा पल्ला’ हे वाक्य मागे घेण्यात येत आहे.

आपला नम्र,
एक वाचक
लान्सिंग, मिशिगन